हिंमतरावांचा काटेरी हलवा

सनीवेल
दि. ३ ऑक्टोबर १९९९

श्री. हिंमतराव यांस,
कृ. सा. न. वि. वि.

अहो, फोनवर तीन मिनिटांत मुलगी झाली, दोघी छान आहेत, एवढंच सांगून झालं आणि बाकीचं सगळं पोटात राहिलं. म्हणून हे पत्र. नात गोरीपान आहे, नाक मात्र तुमचं घेतलंय, त्याला आता इलाज नाही. नाव संस्कृती ठेवायचं ठरलंय. ऋषीने कॉम्प्युटरवर चार नावं लिहून ठेवली होती, नम्रताने चारही खोडली आणि हे पाचवं काढलं. जावई गरीब आहे हो, निमूट मान हलवतो.

नम्रताला डिंकाचे लाडू आवडेनासे झालेत, पण मी समोर बसून खायला लावते. इथे खिडकी उघडली तरी आवाज म्हणून येत नाही. भाजीवाला नाही, भांडीवाली नाही, शेजारच्या कुकरची शिट्टी नाही. दुपारी बाळ-बाळंतीण झोपल्या की घड्याळाची टिकटिक ऐकत बसते.

खरं सांगू का, माझं अर्धं लक्ष तिकडेच आहे. मार्चअखेर कंपनीने तुमच्या टूलरूमला कुलूप लावलं. कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि तीस वर्षं हाताने साचे घडवणाऱ्या माणसांना व्हीआरएसचा कागद आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. त्या दिवसापासून तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीत बसलात ते बसलातच. सकाळी वाचता तोच पेपर संध्याकाळी वाचता. कुणी आलं की आत जाता. इकडे यायलाही नाही म्हणालात, का तर ऋषीचे मित्र विचारतील की काका सध्या काय करतात. मी निघाले तेव्हा खालच्या शालूच्या यजमानांनी माझी बॅग गाडीत ठेवली आणि तुम्ही वरून गॅलरीतूनच हात हलवलात. तुम्ही एकटे पडलात तर त्या खुर्चीतच संपाल अशी मला भीती वाटते. लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले.

म्हणून एक काम लावून देते. संस्कृतीचं बोरन्हाण इथेच करणार आहोत. पहिल्या संक्रांतीला लेकराला काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरं-चुरमुरे, हे इथल्या पोरांना कुठे बघायला मिळणार? बोरांऐवजी इथली कसलीतरी फळं घेऊ, पण दागिने तिकडचेच हवेत. शनिवार पेठेत मारुतीच्या बाजूने आत गेलं की गोदाबाई म्हणून आहेत. नम्रताच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने त्यांनीच केले होते. त्यांना आत्ताच सांगून ठेवा आणि जानेवारीत इकडे येणारं कुणी गाठून त्यांच्याबरोबर पाठवा. गोदाबाईंकडे फोन नाही, तेव्हा उठून जावं लागेल. मुद्दाम असलंच काम निवडलंय.

शालू डबा देईल तो वेळेवर खा. लोभ आहे तसाच राहू द्या, आणि उत्तर चार ओळींपेक्षा मोठं लिहा.

आपली,
सौ. सत्यशीला


पुणे
दि. १७ ऑक्टोबर १९९९

चि. सौ. सत्यशीला हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी ठीक आहे. खुर्चीही ठीक आहे. डबा वेळेवर येतो, शालूवहिनी आमटीत गूळ जरा सढळ हाताने घालतात. या झाल्या चार ओळी. पुढचं तुझ्या समाधानासाठी.

गोदाबाईंकडे जाऊन आलो. मारुतीच्या बाजूने आत, हा पत्ता देण्यापूर्वी शनिवार पेठेत मारुती किती आहेत याचा विचार करायला हवा होतास. तिसऱ्या मारुतीला सापडल्या. सत्तरीच्या आहेत, आवाज खणखणीत आहे आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे. नवरात्राआधी माळा आवरताना स्टुलावरून पडल्या. यंदा हलवा नाही आणि दागिनेही नाहीत, असं दारातच म्हणाल्या. बाजारात प्लॅस्टिकच्या मण्यांचे मिळतात ते घ्या, अमेरिकेत कुणाला फरक कळतोय, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, ठीक आहे. त्यावर त्या उसळल्या. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा परात रिकामी राहणार आणि तुम्ही ठीक म्हणता, असं ऐकवलं. नंतर मला बसा म्हणाल्या नाहीत आणि जाही म्हणाल्या नाहीत.

उभ्या उभ्या परात पाहिली. पितळेची, जाड बुडाची, मधोमध बोटांनी झिजलेली. अर्धा मिलिमीटर तरी झीज असेल. डब्यात गेल्या वर्षीचा मूठभर हलवा शिल्लक होता. आत साधा तीळ आणि बाहेर चोहोबाजूंनी साखरेचे काटे, सगळे एका उंचीचे. साच्याशिवाय हे कसं काय होतं, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तसं आमच्या कंपनीत नव्या अप्रेंटिसकडे मी पाहत असे.

तेव्हा दागिन्यांचं जमत नाही, नम्रताला सांग. अमेरिकेत बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुला काय जातंय. नातीच्या नाकाबद्दल दिलगीर आहे.

तब्येतीला जप. लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा,
हिंमतराव


पुणे
दि. १८ नोव्हेंबर १९९९

सौ. सत्यशीलाताई यांस,
स. न. वि. वि.

ताई, लिहू की नको असा आठ दिवस विचार करत होते. आमचे हे म्हणाले की दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नकोस, पण तुम्ही जाताना लक्ष ठेव म्हणून सांगून गेलात, मग लक्ष ठेवलंय ते सांगायला नको का?

दिवाळीचा फराळ भाऊसाहेबांना पोचवला. जेवण व्यवस्थित आहे. पण त्यांचं काहीतरी बिघडलंय. रोज पहाटे सहाला मफलर गुंडाळून, स्कूटरला किक मारून निघतात ते अकरा-साडेअकराला परत. कुठे जाता विचारलं तर फिरायला म्हणतात. स्कूटरवरून कुणी फिरायला जातं का? डबा घेताना त्यांची बोटं दिसली, टोकाला लालबुंद, दोन बोटांना फोड. मी हळद-तूप देऊ का विचारलं तर खिशात हात घातला.

गेल्या मंगळवारी आमच्या ह्यांनी त्यांना शनिवार पेठेत कोळशाची पिशवी खांद्यावर घेऊन एका बोळात शिरताना पाहिलं. हाक मारली तर पिशवीआड तोंड लपवलं. ताई, मला तर वाटतं त्यांनी कुठल्यातरी हॉटेलात नाहीतर लोहाराकडे काम धरलंय. एवढा मानी माणूस, घरी बसवेना म्हणून असेल. सगळ्यात विचित्र म्हणजे परवा जिना चढताना ते शीळ घालत होते. बारा वर्षं खाली राहतेय, कधी शीळ ऐकली नव्हती. मनावर परिणाम तर नाही ना झाला?

तुम्ही उगाच घाबरू नका. बाळाला गोड पापा. माया आहेच, ती धरून असावी.

आपली,
शालू


सनीवेल
दि. १ डिसेंबर १९९९

श्री. हिंमतराव यांस,
कृ. सा. न. वि. वि.

शालूचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नका, मीच तिला सांगून आले होते.

अहो, एवढं काय कमी पडलं होतं आपल्याला? तुम्हाला वेळ जात नाही हे मी समजू शकते, पण म्हणून या वयात कोळशाच्या पिशव्या वाहायच्या? बोटं भाजून घ्यायची? ज्या हातांनी तीस वर्षं केसाएवढी चूक होऊ दिली नाही त्या हातांनी हॉटेलची भट्टी पेटवताय? आणि तेही माझ्यापासून लपवून. नम्रता काल दिवसभर रडत होती. बाबांना एकटं सोडून आई इथे आली ती माझ्यामुळे, असं तिने डोक्यात घेतलंय. ऋषी बिचारा सारखा विचारतो की फोन लावू का. मीच नको म्हटलं. फोनवर तुम्ही ठीक आहे म्हणून ठेवून द्याल हे मला ठाऊक आहे.

मी ठरवलंय. मार्चचं तिकीट बदलून जानेवारीतच परत येते. बोरन्हाण होईल नाहीतर राहील. दागिने तसेही नाहीतच. नातीचं कौतुक करायला मन थाऱ्यावर लागतं, ते माझं नाही.

काय चाललंय ते खरंखरं लिहा. लोभ आहे म्हणूनच इतकं लिहिलं.

आपली,
सौ. सत्यशीला


पुणे
दि. १३ डिसेंबर १९९९

चि. सौ. सत्यशीला हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी मोठ्याने हसलो. मग शेवटच्या ओळींवर शाई पसरलेली दिसली तेव्हा माझीच मला लाज वाटली. मी हमाली करत नाही. हॉटेलात नाही, लोहाराकडेही नाही. कोळसा नेतो हे खरं आणि बोटं भाजतात हेही खरं. मी हलवा शिकतोय.

सांगितलं नाही, कारण जमेल की नाही ते माहीत नव्हतं. साचा पहिल्या ट्रायलला पास होईपर्यंत टूलरूमबाहेर दाखवायचा नाही, ही आमची जुनी खोड. तिचा तुला असा ताप होईल हे डोक्यात आलं नाही. नम्रताला सांग, तिच्यामुळे काही बिघडलेलं नाही, झालं तर बरंच झालंय.

ते काटे माझ्या डोक्यातून जाईनात. दसऱ्याला सोनं द्यायचं निमित्त करून परत गोदाबाईंकडे गेलो आणि म्हटलं, डोळे तुमचे, हात माझे. त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले. हात बरे आहेत, घाई किती आहे ते परातीत कळेल, असं म्हणाल्या. तर काम असं आहे. मंद शेगडीवर परात, परातीत मूठभर तीळ. त्यावर चमचाभर पाक टाकायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचं. सुकला की पुढचा चमचा. असं रोज चार-पाच तास, तीन-चार दिवस. झारा चालत नाही, चमचा चालत नाही, बोटंच लागतात. म्हणून ते फोड.

पहिल्या घाण्याला पाक घट्ट झाला आणि सगळ्या तिळांचा मिळून एक गोळा बसला. गोदाबाई म्हणाल्या की छान, संक्रांतीला गल्लीत हा एकच लाडू फिरवू. दुसऱ्याला पाक पातळ, चार दिवस हलवून तीळ होते तसेच राहिले, फक्त गोड झाले. तिसऱ्याला काटा दिसू लागला आणि मला इतका हुरूप आला की जोरात फिरवून मीच सगळे काटे मोडले. मग मी वही केली. पाकाचं तापमान, शेगडीपासून परातीची उंची, चमच्यांची संख्या, सगळं लिहू लागलो. बुधवार पेठेतून थर्मामीटर आणला. गोदाबाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या की सगळं लिहिलंत, थंडी तेवढी लिहायची राहिली. पहाटेच्या गारव्यातच काटा धरतो. उन्हं वर आली की परात झाकायची आणि घरी जायचं. माझे तीन घाणे केवळ दुपारपर्यंत बसल्याने गेले होते. म्हणून सहाला निघतो.

आठव्या घाण्याची गोष्ट सांगतो. चौथी सकाळ होती. बोटांखाली एकाएकी वेगळं लागलं. खाली पाहिलं तर दाणा न् दाणा काटेरी, पांढराशुभ्र. मी पाटावरून उठून उभा राहिलो. मार्चनंतर इतका आनंद मला कशाचाही झाला नव्हता. गोदाबाईंनी एक दाणा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि बरा आहे असं म्हणाल्या. त्यांच्या शेजारणीने मला बाहेर गाठून सांगितलं की पस्तीस वर्षांत त्यांनी बरा हा शब्दसुद्धा कुणाला दिलेला नाही.

आता दुपारी घरी दागिने गुंफायचा सराव करतो. दाण्याला भोक पाडायचं नसतं, एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवायचा. परवा लोणी काळभोरहून तुझी नणंद बायडाआक्का हुरडा घेऊन अचानक आली. मी मांडीवर ताट घेऊन हलवा गुंफत बसलेलो. तिने कपाळावर हात मारला. बायकांची कामं करतुयास व्हय रं, गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस, असं बराच वेळ चाललं. नंतर ती शेजारी बसली आणि माझ्या गाठी ढिल्या हायत म्हणून ताट ओढून घेतलं. तीन दिवस राहिली आणि गोदाबाईंनाही भेटून गेली.

तेव्हा संस्कृतीचे दागिने मी करणार. हे पत्र पोचेपर्यंत संक्रांत तोंडावर येईल, पण गोदाबाई म्हणतात की बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं. मला तिचं कपाळ, गळा, दंड, मनगट आणि कंबर यांची मापं हवीत. दोऱ्याने घे आणि दोरा कापूनच पाठव. सेंटीमीटर लिहू नकोस, तुझं आणि सेंटीमीटरचं कधी पटलेलं नाही.

आणि तिकीट बदलू नकोस. मला सध्या अजिबात वेळ नाही.

लोभ होता त्याहून जास्त असावा.

तुझा,
हिंमतराव


सनीवेल
दि. २ जानेवारी २०००

श्री. हिंमतराव यांस,
कृ. सा. न. वि. वि.

देव पावला! तुमचं पत्र मी आधी मनात वाचलं, मग नम्रताला वाचून दाखवलं, मग ऋषी आला तेव्हा त्याला. मला वेळ नाही, या वाक्याला नम्रताने टाळ्या वाजवल्या आणि बाळ दचकून उठलं. वेळ नाही म्हणणारा नवरा बऱ्याच महिन्यांनी परत मिळाला, आता मी तिकिटाला हात लावत नाही.

शालूला मी काय तोंडाने लिहू? लोहाराकडे म्हणे! तुम्हीच तिला मूठभर हलवा नेऊन द्या आणि सगळं सांगा. आमटीतल्या गुळाबद्दल मात्र काही बोलू नका.

इकडे परवा मोठीच गंमत झाली. नवं साल लागताच सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, विमानं थांबणार, नळाला पाणी येणार नाही, असं महिनाभर चाललं होतं. ऋषीला एकतीस तारखेला ऑफिसातच राहायला लावलं. नम्रताने बादल्या भरून ठेवल्या. झालं काहीच नाही. तो दुसऱ्या दिवशी पिझ्झा खाऊन परत आला. सगळं सुरळीत चाललं म्हणून त्याला शाबासकी मिळाली.

सोबत पाच काळे दोरे आहेत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे. माप घेताना तिने कमरेचा दोरा दोनदा तोंडात घातला, त्यामुळे तो थोडा ओला होता, तेवढं समजून घ्या. बोरन्हाण शनिवारी, बारा फेब्रुवारीला, रथसप्तमीच्याच दिवशी. हॉल ठरवलाय आणि पंचवीस घरांना बोलावणं गेलंय. आता दागिने आले नाहीत तर माझं नाक कापलं जाईल, आणि नातीला तर आधीच तुमचं मिळालंय.

बोटांना तूप लावा. लोभ दिवसेंदिवस जास्तच होतोय, सांभाळा.

आपली,
सौ. सत्यशीला


पुणे
दि. २ फेब्रुवारी २०००

चि. सौ. सत्यशीला हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र पेटीबरोबरच तुझ्या हाती पडेल. पेटी उघडण्याआधी वाच, कारण मी केलेला गाढवपणा तुला ठाऊक असायला हवा.

तुझे दोरे तेरा तारखेला मिळाले. मी ते कागदावर ताणून व्हर्नियरने मोजले आणि दहा दिवसांत सगळे दागिने पुरे केले. कपाळाची बिंदी, हार, दंडावरचे बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा. एकही अर्ध्या मिलिमीटरने चुकला नाही. मोठ्या ऐटीत गोदाबाईंकडे नेले. त्यांचं प्लॅस्टर निघालंय, पण बोटं अजून वळत नाहीत. त्यांनी डाव्या हाताने बांगडी उचलून पाहिली आणि माप कधीचं आहे असं विचारलं. मी म्हटलं, दोन जानेवारीचं. घालायचे कधी? बारा फेब्रुवारीला. मग त्यांनी बांगडी खाली ठेवली आणि तुमची नात चाळीस दिवस उपाशी राहणार आहे का, असं विचारलं.

सत्यशीला, मी तिथेच पायरीवर बसलो. तीस वर्षं पोलाद मोजलं. पोलाद वाढत नाही. पोर वाढतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नम्रताला वाढवलंस तू, मी फक्त बूट लहान झाले की नवे आणत होतो. आनंद अठ्ठावीस तारखेला निघणार होता. हा आनंद म्हणजे कोथरूडचा एक इंजिनिअर, सॅन होजेला जाणारा. सगळं उसवून परत गुंफायला माझ्याकडे चार दिवस होते. दोनदा मनात आलं की बाजारातले प्लॅस्टिकचे घेऊन मोकळं व्हावं. गोदाबाईंनी ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. म्हणाल्या की खुर्ची घरी आहे, तिथे जाऊन बसा, नाहीतर दोरा घ्या. त्यांना खुर्चीचं कुणी सांगितलं? आक्काने, दुसरं कोण.

दोरा घेतला. दागिना मापाने बसवायचा नसतो, टोकं लांब ठेवून बांधायचा असतो, हे त्यांनी दाखवलं. वळत नाहीत त्या बोटांनीच एक गाठ मारून दाखवली आणि वेदनेने ओठ चावला, पण मारली. पुढच्या सगळ्या मी मारल्या. प्रत्येक दागिन्याला रेशमी टोकं आहेत, आणि पोर गुबगुबीत झालं असेल तर मध्ये घालायला जादा दाण्यांची पुडी वेगळी ठेवली आहे.

आनंदचं जाणं पुढे ढकललं गेलं आणि तो उद्या निघतोय, हे माझं नशीब. त्याच्या घरी गेलो तर त्याच्या आईसमोर वजनकाटा आणि सहा घरांच्या भाजणीच्या पिशव्या. यापुढे एक काडीही घेणार नाही, आणि साखरेचं नाजूक काम तर मुळीच नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मी पेटीचं झाकण उघडलं. पेटीही मीच केली आहे, फोममध्ये प्रत्येक दागिन्यासाठी त्याच्या आकाराचा खळगा. त्या बाईंनी वाकून एकेक दागिना पाहिला. मग शेजारच्या दोघींना हाका मारून बोलावलं. शेवटी मुलाला म्हणाल्या की भाजणी सामानात जाईल, ही पेटी मांडीवर घेऊन बसायचं, झोपायचं नाही.

गेल्या शनिवारी टूलरूममधल्या चौघांना गाठलं. दहा महिने त्यांना टाळत होतो. हलवा दिला. त्यांतल्या मच्छिंद्रने दाणा भिंगाखाली धरला आणि काट्यांची उंची एकसारखी कशी ठेवलीस असं विचारलं. सोमवारपासून चौघेही सहाला गोदाबाईंच्या दारात. पाच म्हातारे पाटांवर बसलेले आणि मधून त्या फिरताहेत, अमुकची घाई होतेय, तमुकचा पाक गेला. इतकी कडक फोरमन आम्हाला कंपनीत मिळाली असती तर कुलूप लागलं नसतं.

सगळं नीट पोचलं का ते लगेच कळव. माझा जीव त्या पेटीत आहे. लोभ असेल तर चुकेल ते पोटात घाल.

तुझा,
हिंमतराव


सनीवेल
दि. १४ फेब्रुवारी २०००

श्री. हिंमतराव यांस,
कृ. सा. न. वि. वि.

पोचलं, पोचलं, एक काटासुद्धा मोडला नाही. आनंद विमानतळावरून थेट इथे आला, पेटी माझ्या हातात दिली आणि काकू आता मी झोपतो असं म्हणून सोफ्यावर आडवा झाला. त्याला मी साजूक तुपातला शिरा खाऊ घातला.

शनिवारी बोरन्हाण झालं. संस्कृती खरंच गुबगुबीत झालीय. तुमच्या व्हर्नियरच्या मापाने कंबरपट्टा गेलाच नसता, पुडीतले अकरा दाणे घातले तेव्हा बसला. काळं झबलं, त्यावर पांढरेशुभ्र दागिने, कपाळाला बिंदी. हॉलमध्ये आली आणि सगळे तिच्याभोवती जमले. रडली नाही हो. डोक्यावरून चुरमुरे ओतले तर खुदकन हसली, डावी बांगडी तोंडात धरली आणि शेवटपर्यंत चोखत राहिली. आजोबांचं काम तिने चवीनेही तपासलं. इथली पोरं चुरमुरे वेचायला अशी तुटून पडली की त्यांना मराठी येत नाही हे कुणाला खरं वाटलं नसतं.

दागिने कुठून मागवले, असं पहिल्यांदा नम्रताच्या मैत्रिणीने, अपेक्षाने विचारलं. आता तुम्हाला एक सांगते, आजवर सांगितलं नव्हतं. बाबा काय करतात असं कुणी विचारलं की आपली लेक घाईघाईने रिटायर झालेत म्हणायची आणि विषय बदलायची. शनिवारी ती बाळाला कडेवर घेऊन सरळ उभी राहिली आणि म्हणाली की माझ्या बाबांनी केलेत, स्वतःच्या हातांनी, तिळापासून. मग दुसऱ्यांना सांगितलं, मग तिसऱ्यांना. नंतर न विचारणाऱ्यांनाही गाठून सांगत सुटली. ऋषी कॅमेरा घेऊन मागे. फोटो धुवून आले की पाठवते, गोदाबाईंसाठी वेगळा संच काढायला सांगितलाय.

आता माझं. सगळे जेवायला गेले तेव्हा मी हार हातात घेऊन खिडकीशी बसले. अहो, तीस वर्षं संसार झाला. रोज सकाळी तुम्ही डबा घेऊन जायचात आणि संध्याकाळी अंगाला तेलाचा वास घेऊन यायचात. काय केलंत विचारलं तर साचा, एवढंच म्हणायचात. ते साचे कंपनीत राहिले. त्यांतून निघालेले भाग कुठल्या गाड्यांच्या पोटात गेले, कुणाला ठाऊक. तुमच्या हातचं काम मी कधी पाहिलंच नव्हतं. शनिवारी पहिल्यांदा पाहिलं. एकेक दाणा बोटावर घेऊन पाहिला. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. एवढा मोठा कारागीर तीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून जेवत होता आणि मी त्याला भाजीत मीठ बरोबर आहे ना, एवढंच विचारत राहिले.

बारा मार्चला पोचते. तोवर पुण्यात उकडायला लागलेलं असेल, काटा धरणार नाही म्हणाल. न धरू दे. एक घाणा तरी माझ्यासमोर करा. मला तुमचे हात चालताना बघायचे आहेत.

लोभ आता मागायचा नाही, घ्यायला येते.

आपली,
सौ. सत्यशीला